वितळत्या हिमनद्या आणि ध्रुवीय समुद्रातील पारा

उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशात मोठी शहरे नाहीत, कारखान्यांची धुराडी तुरळक आहेत आणि शेती तर जवळजवळ नाहीच. तरीही तेथील सील, ध्रुवीय अस्वल आणि बेलुगा देवमासा यांच्या शरीरात पारा आढळतो. जतन करून ठेवलेले जुने दात, केस व पिसे यांची नव्या नमुन्यांशी तुलना केल्यावर असे दिसून आले आहे की, गेल्या सुमारे दीडशे वर्षांत आर्क्टिक सागरी प्राण्यांमधील पाऱ्याचे प्रमाण सरासरीने १० पट वाढले. हा पारा तेथे कोणी नेऊन टाकलेला नाही. दूरदेशीच्या भट्ट्यांतून व खाणींतून निघालेला पारा वाऱ्यांबरोबर आणि सागरी प्रवाहांबरोबर तेथे पोहोचला. त्यातील काही भाग बर्फात साठून राहिला. आता बर्फच वितळू लागल्यामुळे या साठ्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न शास्त्रज्ञांसमोर आणि त्या किनाऱ्यांवर राहणाऱ्या लोकांसमोर उभा राहिला आहे.

१९७९ पासूनच्या काळात आर्क्टिक प्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. एकट्या ग्रीनलंडच्या हिमस्तरातून २००२ नंतरच्या दोन दशकांत दरवर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ कमी झाले. या पाण्याबरोबर समुद्रात काय काय जाते आणि त्याचा किनाऱ्यावरील जीवसृष्टीवर कोणता परिणाम होतो, हे समजून घेण्यासाठी प्रथम पाऱ्याचा प्रवास पाहिला पाहिजे.

पारा ध्रुवापर्यंत कसा जातो?

पारा हा सामान्य तापमानाला द्रवरूप राहणारा धातू आहे आणि त्याची सहज वाफ होते. दगडी कोळशात तो अल्प प्रमाणात असतो. कोळसा जाळला की तो धुराबरोबर बाहेर पडतो. ओबडधोबड पद्धतीने सोने काढणारे लहान खाणकामगार मातीतील सोन्याचे कण पाऱ्यात मिसळून घेतात आणि मग ते मिश्रण तापवून पारा उडवून देतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केलेल्या पाहणीनुसार २०१५ मध्ये मानवी व्यवहारांतून सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. त्यातील सुमारे ३८ टक्के वाटा या लहान सोनेखाणींचा आणि सुमारे २१ टक्के वाटा वीजनिर्मिती वगैरेंसाठी जाळल्या जाणाऱ्या कोळशाचा होता. ज्वालामुखींसारखे नैसर्गिक उगमही आहेत. तथापि मानवी व्यवहारांमुळे वातावरणातील पारा नैसर्गिक पातळीपेक्षा सुमारे ४५० टक्क्यांनी वाढला आहे, असे याच पाहणीत म्हटले आहे.

वाफेच्या रूपातील पारा हवेत कित्येक महिने तरंगत राहू शकतो. एवढ्या काळात वारे त्याला पृथ्वीच्या कोणत्याही भागात नेऊ शकतात. उत्तर गोलार्धाच्या स्वच्छ हवेत दर घनमीटरमागे साधारणपणे दीड नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या दीडपट, इतका पारा असतो. हे प्रमाण श्वसनाला अपायकारक नाही. परंतु हाच पारा वर्षानुवर्षे पाण्यात व बर्फात उतरत राहिला म्हणजे चित्र बदलते.

ध्रुवीय प्रदेशात पारा हवेतून खाली उतरण्याची एक वेगळीच क्रिया घडते. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर ८२ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे अ‍ॅलर्ट नावाचे ठाणे आहे. दीर्घ ध्रुवीय रात्र संपून सूर्य उगवल्यावर तेथील हवेतील पारा काही तासांतच जवळजवळ नाहीसा होतो, असे १९९५ च्या वसंत ऋतूत आढळून आले. समुद्रबर्फावरील क्षारांतून मुक्त होणारे ब्रोमीन सूर्यप्रकाशात क्रियाशील बनते आणि पाऱ्याच्या वाफेचे विद्राव्य संयुगांत रूपांतर करते. ही संयुगे बर्फावर येऊन बसतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरही तेथील वसंतात अशीच क्रिया घडते, हे पुढे सिद्ध झाले. बर्फावर उतरलेल्या या पाऱ्यातील बराच भाग उन्हाने पुन्हा वाफ होऊन हवेत परततो. उरलेला भाग मात्र बर्फात गाडला जातो किंवा उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर वाहून जातो.

बर्फातील जमाखाते

हिमनदी ही वरवर पाहता बर्फाची एक स्थिर रास दिसते. वस्तुतः ती अत्यंत संथ गतीने वाहणारी नदीच होय. दरवर्षी पडणाऱ्या हिमाचे थर एकमेकांवर दाबले जाऊन तिचे बर्फ तयार होते आणि प्रत्येक थरात त्या त्या काळातील हवेची नोंद राहते. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील अप्पर फ्रिमॉन्ट हिमनदीतून काढलेल्या बर्फाच्या गाभ्याचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. ही हिमनदी ध्रुवीय नव्हे, पर्वतीय आहे. परंतु सुमारे २७० वर्षांचा पाऱ्याचा हिशेब तिच्यात वाचता आला. १८१५ चा तांबोरा व १८८३ चा क्राकाटोआ या ज्वालामुखींचे उद्रेक, एकोणिसाव्या शतकातील कॅलिफोर्नियाची सोन्याची धाव आणि विसाव्या शतकातील औद्योगिक वाढ या साऱ्यांच्या खुणा तिच्या थरांत उमटल्या होत्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हिमनदी पारा निर्माण करीत नाही. मागील पिढ्यांनी हवेत सोडलेला पारा ती जमा करून ठेवते. बर्फ वितळते तेव्हा त्या जमेतील काही रक्कम परत मिळते; मात्र ती हवेत पारा सोडणाऱ्यांना नव्हे, तर किनाऱ्यावरील मासे, पक्षी आणि माणसे यांना. याखेरीज हिमनदी सरकताना खालचा खडक भरडून काढते आणि त्या खडकातील नैसर्गिक पाराही बारीक गाळाबरोबर मोकळा होतो. किनाऱ्याच्या पाण्यात येणारा पारा अशा रीतीने दोन वाटांनी येतो: एक बर्फातून आणि दुसरी खडकातून.

एका फियॉर्डचे उदाहरण

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ काँग्सफियॉर्ड ही समुद्राची लांब खाडी आहे. तिच्या टोकाशी क्रोनेब्रीनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. येथे हिमनद्या मागे हटल्याचे दृश्य फार बोलके आहे. ब्लोमस्ट्रांड नावाचा जो भूभाग द्वीपकल्प समजला जात असे, तो हिमनदी मागे सरल्यावर बेट असल्याचे १९९० च्या दशकात उघड झाले. त्याचे नाव मात्र अद्यापही ‘द्वीपकल्प’ असेच आहे. या खाडीच्या काठावरील नी-ओलेसुंद हे गाव पूर्वी कोळशाच्या खाणीसाठी ओळखले जाई. १९६२ च्या भीषण दुर्घटनेनंतर १९६३ मध्ये खाण बंद झाली आणि आज तेथे अनेक देशांची संशोधन केंद्रे आहेत. भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून याच गावात आहे.

उन्हाळ्यात क्रोनेब्रीनच्या तळातून गोड्या पाण्याचे लोट समुद्रात शिरतात. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते हिमनदीच्या कड्यालगत उसळून वर येते आणि खोल पाण्यालाही आपल्याबरोबर वर खेचते. पृष्ठभागावर गढूळ पाण्याचा पट्टा पसरतो. या पाण्यातील पाऱ्याचा मोठा भाग मातीच्या कणांना चिकटलेला असतो. ते कण जड असल्याने बहुतांशी हिमनदीच्या मुखाजवळच तळाशी बसतात आणि त्यांच्याबरोबर पाराही गाळात गाडला जातो. हा एक प्रकारे दिलासाच आहे. कारण गाळात खोल गेलेला पारा सहसा जीवांच्या आहारात येत नाही.

परंतु येथेच दुसरी बाजू लक्षात घ्यावी लागते. उसळणाऱ्या पाण्याबरोबर वर आलेले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, खाण्यासाठी समुद्रपक्ष्यांचे थवे हिमनदीच्या मुखाशी जमतात. सीलही तेथे चरावयास येतात. म्हणजे पारा ज्या ठिकाणी समुद्रात उतरतो, तेच ठिकाण जीवसृष्टीचे अन्नछत्र आहे. पुढे हिमनदी मागे हटून जमिनीवर गेली की पाण्याची ही उसळी थांबते आणि वितळलेले पाणी उघड्या पडलेल्या मातीवरून ओढ्यांच्या रूपाने वाहत समुद्रास मिळते. त्याबरोबर जमिनीवरील सेंद्रिय द्रव्येही येऊ लागतात. किनाऱ्याचे रसायनशास्त्र त्यामुळे पुन्हा बदलते.

खरा धोका रूपांतराचा

पाण्यात किती पारा आहे, एवढ्यावरून धोक्याचा अंदाज येत नाही. तो कोणत्या रूपात आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. प्राणवायू कमी असलेल्या गाळात किंवा पाण्याच्या थरात काही जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. सल्फेटचा वापर करणारे जीवाणू त्यांत प्रमुख आहेत. मिथिल पारा शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. वनस्पतिप्लवकांतून प्राणिप्लवकांत, त्यांतून लहान माशांत, तेथून मोठ्या माशांत आणि शेवटी सील, दातांचे देवमासे व अस्वल यांच्यात जाताना प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. पाण्याच्या तुलनेत साखळीच्या शेवटच्या प्राण्यांत ते दहा लाख पटींहूनही अधिक होऊ शकते.

हिमनद्यांच्या वितळण्याचा या रूपांतरावर अनेक दिशांनी परिणाम होतो. गोड्या पाण्याचा थर वर पसरल्याने खालच्या पाण्याशी त्याचे मिश्रण कमी होते. जमिनीवरून आलेली सेंद्रिय द्रव्ये जीवाणूंना खाद्य पुरवितात. सूर्यप्रकाशामुळे मिथिल पाऱ्याचे विघटन होत असते. परंतु गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नाही, म्हणून हे नैसर्गिक शुद्धीकरण मंदावते. उलटपक्षी, ज्या हिमनद्यांच्या पाण्यात विरघळलेला पारा कमी असतो, तेथे त्या पाण्याने समुद्रातील पारा विरळही होऊ शकतो. समुद्रबर्फ कमी झाल्याने पाण्यातील काही पारा वाफ होऊन हवेत परत जाण्यासही वाट मिळते. म्हणूनच एखाद्या खाडीत वितळणारे बर्फ धोका वाढविते की कमी करते, याचे उत्तर त्या खाडीतील खडक, गाळ, प्रवाह आणि जीवसृष्टी यांवर अवलंबून असते.

ग्रीनलंडचा धडा

या विषयात घाईने निष्कर्ष काढणे कसे अडचणीचे ठरते, याचे उदाहरण ग्रीनलंडमध्ये पाहावयास मिळाले. हिमस्तराच्या नैर्ऋत्य कडेवरून वाहणाऱ्या पाण्यात विरघळलेल्या पाऱ्याचे प्रमाण अतिशय मोठे असल्याचे २०२१ मध्ये एका अभ्यासात प्रसिद्ध झाले. जगभर त्याची चर्चा झाली. त्यानंतर अन्य पथकांनी ग्रीनलंडमधील हिमनद्यांचे पाणी व फियॉर्ड तपासले, तेव्हा प्रमाण फारच कमी आढळले. एका फियॉर्डमध्ये तर असलेला पारा प्रामुख्याने बाहेरील समुद्रातून आल्याचे दिसले.

असे का होते, हे नमुना घेण्याची पद्धत पाहिल्यास कळते. पाण्यातील पारा इतका सूक्ष्म असतो की, हातमोजा, बाटली किंवा हवेतील धूळ यांतून आलेला अंशही मोजमाप बिघडवू शकतो. त्यासाठी दोन माणसांनी मिळून नमुना घेण्याची रीत आहे. एक जण फक्त बाटलीला हात लावतो आणि दुसरा बाकीची सर्व उपकरणे हाताळतो. पहिल्या अभ्यासानंतर झालेली फेरतपासणी हा विज्ञानाचा पराभव नव्हे. एकाने मोजलेले दुसऱ्याने पडताळून पाहावे, हीच त्याची शिस्त आहे. आर्क्टिकमधील सर्वच किनाऱ्यांवर हिमनद्या पाऱ्याचा पूर सोडीत आहेत, असे आज म्हणता येत नाही. आणि म्हणून काळजीचे कारण नाही, असेही म्हणता येत नाही. कायम गोठलेली जमीन हे पाऱ्याचे हिमनद्यांपेक्षा कितीतरी मोठे कोठार आहे. तीही वितळू लागली असून नद्या आणि खचणारे किनारे यांच्याद्वारे तिच्यातील पारा त्याच समुद्राकडे येऊ शकतो.

माणसांच्या ताटापर्यंत

ग्रीनलंड व उत्तर कॅनडातील इन्युइट लोकांचा पारंपरिक आहार सील, देवमासे आणि मासे यांवर आधारलेला आहे. तेथे धान्य पिकत नाही. दूरवरून येणारे खाद्यपदार्थ महाग असतात आणि बहुधा कमी पौष्टिक असतात. शिकार हा त्या समाजाचा आहार आहे, तसाच तो त्यांच्या नात्यांचा आणि संस्कृतीचा आधारही आहे. पाऱ्याचा प्रश्न नेमका येथेच अवघड होतो. खाऊ नका, असे सांगणे सोपे आहे. परंतु त्याऐवजी काय खावे, हेही सांगावे लागते.

मिथिल पाऱ्याचा सर्वांत मोठा अपाय गर्भातील बालकाच्या मेंदूला होतो. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. या बेटांवर हिमनद्या नाहीत. तेथील पारा पायलट जातीच्या देवमाशांच्या मांसातून येतो. गर्भावस्थेत अधिक पारा पोहोचलेल्या मुलांमध्ये वयाच्या सातव्या वर्षी भाषा, अवधान व स्मरण या बाबतींत काहीशी उणीव आढळली. २००८ मध्ये तेथील मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी हे मांस यापुढे खाऊ नये, अशी शिफारस केली. कॅनडातील नुनाविक प्रदेशात थोडा वेगळा मार्ग अवलंबिण्यात आला. गर्भवती स्त्रियांनी बेलुगाचे मांस कमी करावे आणि कमी पारा असलेला स्थानिक आर्क्टिक चार मासा अधिक खावा, असा सल्ला देण्यात आला. परंपरेतीलच सुरक्षित अन्नाकडे वळविण्याचा हा प्रयत्न लक्षणीय आहे. आर्क्टिकमधील काही समाजांत रक्तातील पारा अलीकडच्या दशकांत घटला आहे. त्याचे मोठे श्रेय आहारातील बदलाकडे जाते. समुद्र स्वच्छ झाल्याचे ते लक्षण नव्हे.

उपाय उगमाशीच

बर्फात साठलेला पारा वेचून काढता येत नाही. खाडीत उतरलेला पारा गाळून घेता येत नाही. तेव्हा नवा पारा हवेत जाऊ न देणे आणि तापमानवाढ रोखणे हेच दोन मार्ग उरतात. जपानमधील मिनामाता गावी एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेल्या मिथिल पाऱ्यामुळे हजारो माणसे पीडित झाली. हा रोग १९५६ मध्ये अधिकृतपणे उघडकीस आला. त्याच गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये मान्य झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने त्यास २०१८ मध्ये अनुमोदन दिले. पारायुक्त उपकरणे व दिवे टप्प्याटप्प्याने बंद करणे, पाऱ्याच्या नव्या खाणी न उघडणे आणि कोळशावरील वीजकेंद्रांतून निघणारा पारा रोखणे ही या कराराची प्रमुख कलमे होत. २०२३ मध्ये झालेल्या निर्णयानुसार फ्लुओरेसंट नळीदिव्यांचे उत्पादन व व्यापारही २०२७ पर्यंत संपुष्टात यावयाचा आहे.

आपल्या देशात कॉस्टिक सोडा उद्योगाने पाऱ्यावर आधारलेली जुनी प्रक्रिया जवळजवळ पूर्णपणे सोडली आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील पाऱ्यावर डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने मर्यादा घालण्यात आली. चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांमुळे महाराष्ट्राचाही या प्रश्नाशी संबंध पोहोचतो. वाफेच्या रूपातील पारा राज्यांच्या अथवा राष्ट्रांच्या सीमा ओळखत नाही.

अभ्यासाच्या कामातही भारताचा सहभाग आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे देशाच्या ध्रुवीय मोहिमांची जबाबदारी आहे. २०१४ मध्ये काँग्सफियॉर्डच्या पाण्यात भारताने स्वयंचलित निरीक्षण यंत्रणा बसविली, तर डिसेंबर २०२३ पासून ‘हिमाद्री’ येथे हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. पारा बर्फावर उतरण्याची क्रिया ध्रुवीय रात्र संपताच सुरू होत असल्याने हिवाळा व वसंत या काळातील उपस्थितीला विशेष महत्त्व आहे.

गावपातळीवर करण्यासारखे काम लहान वाटले तरी निरुपयोगी नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा आरोग्य उपकेंद्रात पाऱ्याचा थर्मामीटर फुटल्यास तो पारा केरसुणीने झाडू नये व मोरीत टाकू नये. खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर करावे, जाड कागदाच्या साहाय्याने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे ते सोपवावेत. जुने नळीदिवे उकिरड्यावर फोडू नयेत. ग्रामपंचायतींना व शाळांना नवी खरेदी करताना पाराविरहित उपकरणे निवडता येतील.

एखाद्या भट्टीतून आज निघालेला पारा काही महिन्यांनी ध्रुवीय बर्फावर उतरतो, कित्येक दशके तेथे पडून राहू शकतो आणि एखाद्या उन्हाळ्यात समुद्रास मिळून माशामार्फत एखाद्या अजाण बालकापर्यंत पोहोचू शकतो. हिमनद्यांचे वितळणे लगेच थांबविणे कोणा एका देशाच्या हाती नाही. परंतु पुढील काळात वितळणाऱ्या बर्फात किती पारा असावा, हे मात्र आजच्या पिढीच्या व्यवहारावर अवलंबून आहे.